वाचकांचे प्रश्न : धूळ, धूर आणि मुरमांची नाजूक त्वचा

गळीत हंगाम सुरू झाला, थंडी पडली आणि त्वचेच्या तक्रारींची पत्रे वाढली. बेळगाव, उगार, निपाणी, अथणी, खानापूर, सगळीकडचा प्रश्न जवळपास एकच आहे : हवेतल्या घाणीने मुरूम वाढतात का, आणि वाढत असतील तर तोंडाला काय लावायचे? पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : वय १९. मच्छेहून रोज स्कूटीनं टिळकवाडीला कॉलेजला येते. पिरनवाडी, उद्यमबाग ओलांडून तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत पोचेस्तोवर ओढणी करडी होते. घरी येऊन कापसानं तोंड पुसलं की कापूस काळा. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा फेसवॉशनं तोंड धुते, एक दिवसाआड स्क्रब करते. तरी गालावर, हनुवटीवर पिंपल्स वाढतच आहेत. आता तर साधं पाणी लागलं तरी झोंबतं. अजून काय करू?

उत्तर : अजून काही करू नकोस, आहे त्यातले कमी कर. स्क्रब आजपासून बंद.

साधे पाणी झोंबते याचा अर्थ त्वचेचा सगळ्यात वरचा, राखणीचा थर विरला आहे. तो थर म्हणजे चपट्या पेशींची भिंत आणि त्यांच्या मधला स्निग्ध चुना. स्क्रबचे दाणे भिंत खरवडतात, पुन्हा पुन्हा लावलेला फेसवॉश चुना धुऊन नेतो. मग आतला ओलावा उडतो आणि बाहेरचे धूर-धूळ-घाम थेट आत बोचतात. धूळ तीच, रस्ताही तोच, पण तिला आत यायला वाट आपणच करून दिलेली असते. मुरूम असलेल्या चेहऱ्यांचे जास्तीत जास्त नुकसान असेच होते, म्हणून हे इतके आग्रहाने लिहीत आहोत.

आता हवेचा भाग. चेहऱ्याच्या तेलात स्क्वालीन नावाचा पदार्थ असतो, साधारण १२ टक्के. शेंगतेलाचा डबा उघडा राहिला की तेल खवट होते ना, तसे हे स्क्वालीन ऊन, ओझोन वायू आणि धुरातल्या कणांमुळे खवट होते. खवट झालेले स्क्वालीन केसाच्या मुळाशी असलेल्या नळीला डिवचते. नळीच्या आतल्या पेशी भराभर वाढतात, एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसते. त्यामागे तेल तुंबते, तिथले जिवाणू वाढतात, लाली येते, फोड होतो. तेल खवट होऊ न देणारे ई जीवनसत्त्व त्वचेत असते, पण ओझोन तेही खर्च करून टाकतो. ज्याचा चेहरा मुळात तेलकट, त्याच्याकडे खवट व्हायला तेलही जास्त.

डिझेलच्या काजळीचे बारीक कण २.५ मायक्रोमीटरहून लहान असतात. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून अंदाज कर. या कणांवर जी हायड्रोकार्बन रसायने बसलेली असतात ती तेलात विरघळतात, पाण्यात नाही. बीजिंगमध्ये २०१२ ते २०१४ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा हवेत सूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड जास्त असताना मुरमांसाठी दवाखान्यात येणारे रुग्णही वाढलेले दिसले. तरीही मुरमांचे मूळ हवेत नाही. ते संप्रेरकांत आणि घराण्यात असते. धूर त्या विस्तवावर फुंकर घालतो, एवढेच.

कापूस काळा होतो त्याने घाबरू नकोस. त्यात धूळ असते, तेल असते, मेलेल्या पेशीही असतात. कापूस पांढरा येईपर्यंत पुसत राहिलीस तर चांगला थरही निघेल. आणि नाकावरचे काळे ठिपके म्हणजे धूळ नव्हेच. बुचाच्या उघड्या टोकाशी असलेले मेलॅनिन, म्हणजे त्वचेचे काळे रंगद्रव्य, आणि हवेने काळवंडलेले तेल असते ते. घासून ते जात नाहीत.

पहिले तीन आठवडे एवढेच कर. सकाळी फक्त पाण्याने तोंड धू. मॉइश्चरायझर लाव, डब्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे बूच न बनवणारे, असे लिहिलेले. त्यावर एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा येतील इतके, घराबाहेर पडण्याआधी १५ मिनिटे. संध्याकाळी आल्याआल्या आधी हात धू. हे बहुतेकजण विसरतात आणि हँडलची घाण गालावर चोळतात. मग साबण नसलेले सौम्य क्लेन्झर एक रुपयाच्या नाण्याएवढे घेऊन, कोमट पाण्याने, बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट. कपाळाची केसांजवळची कड, कानाच्या पुढचा भाग आणि जबड्याखाली नीट विसळ, फेस तिथेच राहतो. स्वतःच्या वेगळ्या सुती पंच्याने टिपून घे, पुसू नकोस. चेहरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर. दुपारी फारच धूळ बसली तर नुसते पाणी मार.

अंगाचा साबण तोंडाला नको. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कता सांगणारा आकडा, ९ ते १० असतो, त्वचेचा साधारण ५. प्रत्येक धुण्यानंतर तो पूर्वपदावर यायला काही तास लागतात. पाच वेळा धुतलेस तर तो दिवसभर पूर्वपदावर येतच नाही.

पाणी झोंबायचे थांबले की मगच मुरमांचे औषध. अशा नाजूक त्वचेला त्वचारोगतज्ज्ञ बहुधा ०.१ टक्के ॲडॅपलीन देतात. हरभऱ्याच्या दाण्याएवढे पूर्ण चेहऱ्याला, एका फोडाला नव्हे. आधी मॉइश्चरायझर, त्यावर औषध, पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एक रात्र सोडून. सुरुवातीच्या दोन ते चार आठवड्यांत मुरूम थोडे वाढलेले दिसतात आणि इथेच निम्म्या मुली ट्यूब फेकून देतात. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी कळतो. गरोदर असताना किंवा तशी शक्यता असताना हे औषध वापरायचे नाही.

ओढणीचे म्हणशील तर, बारीक कण तिच्यातून आरपार जातात. जाड धूळ आणि ऊन मात्र अडते, म्हणून बांधायला हरकत नाही. पण कालची करडी बाजू आज आतून गालाला लागली तर फायदा उलटा होतो. चार सुती ओढण्या ठेव, रोज धुतलेली घे, हनुवटीखाली करकचून गाठ मारू नकोस. सतत घासल्यानेही मुरूम येतात. हेल्मेटच्या पट्ट्याखाली आणि कपाळावर ओळीने फोड असतील तर तो प्रकार हाच. आतली गादी निघत असेल तर आठवड्याला धू, निघत नसेल तर खाली पातळ सुती टोपी घाल.

प्रश्न : आम्ही उगारजवळ राहतो. हंगामात कारखान्याची काजळी गच्चीवर पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके येतात. फडातला पाला पेटवला की दोन दिवस वास जात नाही. मुलगा १५ वर्षांचा, दहावीत आहे. दिवाळीनंतर त्याचे पिंपल्स वाढतात आणि उन्हाळ्यात कमी होतात. काजळीमुळंच ना?

उत्तर : ताई, गच्चीवर दिसणारी काजळी म्हणजे चिपाडाची मोठी, हलकी राख. ती त्वचेवर बसते, धुतली की जाते. त्रास देणारा भाग डोळ्यांना दिसत नाही. फडातला पाला जळताना निघणारा धूर हा जवळजवळ सगळा सूक्ष्म कणांचाच असतो. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर जमिनीलगत अडकतो. सकाळी ऊन तापल्यावर तो वर उठतो. म्हणून पहाटे साडेपाचला सायकलवरून क्लासला जाणारा मुलगा दिवसातली सगळ्यात वाईट हवा अंगावर घेतो. क्लासची वेळ बदलता आली तर बदला. ते जमत नसेल तर पाला पेटवलेल्या दिवशी तरी रस्ता बदलायला सांगा, आणि पहाटे त्याच्या खोलीच्या खिडक्या लावून घ्या.

पण हंगामाबरोबर आणखी दोन गोष्टी येतात, त्यांचाही हिशोब करा. एक म्हणजे ताजा उसाचा रस, काकवी, गरम गूळ. रक्तातली साखर झपाट्याने चढवणारे खाणे रोज असेल तर इन्सुलिन वाढते, त्याने तेलग्रंथी चेकाळतात आणि मुरूम वाढू शकतात. गुऱ्हाळावर एक दिवस जाऊन आल्याने काही होत नाही, पण रोज दोन ग्लास रस सुरू असेल तर महिनाभर थांबवून पाहा. दुसरे म्हणजे डोक्याचे तेल. थंडी म्हणून खोबरेल चोपडले जाते, ते रात्रभर कपाळावर आणि उशीवर उतरते. कपाळावर केसांच्या कडेने बारीक बारीक, न दुखणारे पुळे असतील तर संशय तेलावर घ्या, काजळीवर नव्हे. तेल लावायचेच तर न्हाण्याआधी तासभर, आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

खात्री करायची असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. पाला जळला त्या दिवशी ‘प’, रस प्यायला त्या दिवशी ‘र’, नवे फोड आले त्या दिवशी त्यांची संख्या. फोड वर यायला वेळ लागतो, म्हणून त्याच दिवसाची नव्हे तर पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांची संख्या बघा. डॉक्टरांकडे जाताना ते पान फाडून सोबत न्या, त्यांच्या खूप उपयोगी पडेल. फोड खोल, गाठीसारखे, दुखरे असतील किंवा खड्डे पडत असतील तर दहावीची परीक्षा होईपर्यंत थांबू नका. खड्डे नंतर भरून काढणे फार अवघड जाते.

प्रश्न : उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये लेथवर आहे. तोंडावर पूर्वीपासून मुरमं होती खरं आता दोन्ही हातावर मनगटाच्या वर आणि मांड्यांवर काळ्या डोक्याचे फोड येऊलालेत. कूलंटची ॲलर्जी असंल म्हणतात.

उत्तर : कूलंट म्हणजे धातू कापताना तापू नये म्हणून सोडतात तो द्रव. त्याची ॲलर्जी नसावी. जागा आणि काळी डोकी पाहता हे तेलाचे मुरूम वाटतात. कापकामाचे निव्वळ तेल केसांच्या मुळाशी जाऊन बूच बनवते. तेलाने भिजलेली बाही आणि पँट जिथे घासते तिथेच, म्हणजे हातांवर आणि मांड्यांवर, ते येतात. पाण्यात मिसळायच्या दुधाळ कूलंटने सहसा वेगळे होते : बोटांच्या बेचक्यांत खाज, भेगा, लाली. तो इसब. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून आधी हे ओळखायला हवे.

उपाय औषधापेक्षा कपड्यांत जास्त आहे. भिजलेला ड्रेस त्याच दिवशी बदला, दुसऱ्या पाळीला तोच घालू नका. तेल न शोषणारा एप्रन पोटापासून गुडघ्याखालपर्यंत हवा. तेलकट वेस्ट, म्हणजे पुसायचा सुताचा गुंता, पँटच्या खिशात खुपसायची सवय मोडा, मांडीवरच्या फोडांचे ते एक नेहमीचे कारण. त्याच वेस्टने हात आणि कपाळ पुसू नका, तिच्यातला बारीक चुरा त्वचेला ओरखडतो आणि तेल आत ढकलतो. एअर गनने अंगावरचे कपडे झाडणे तर अजिबात नको, हवेच्या दाबाने चुरा कातडीत घुसतो, डोळाही जाऊ शकतो. पाळी संपल्यावर रॉकेल, पेट्रोल, थिनर किंवा कपड्यांच्या पावडरीने हात धुऊ नका. त्याने तेल निघते, पण त्वचेचे स्वतःचे तेलही निघते आणि वर इसब होतो. आधी कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा, मग सौम्य साबण आणि कोमट पाणी, मग साधे व्हॅसलीन नव्हे तर पातळ मॉइश्चरायझर.

मशीनकडेही बघा. गार्ड उघडे ठेवून काम केले तर उडणारे तुषार थेट तोंडावर येतात, आणि तुमच्या तोंडावर मुरूम आधीच आहेत. दुधाळ कूलंट असेल तर त्याचे प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणे ठेवायचे, बहुधा ५ ते १० टक्क्यांच्या आत. अंदाजाने ओतून दाट झाले की हात भाजल्यासारखे होतात. सुट्टीनंतर टाकी उघडल्यावर कुजका वास आला तर त्यात जिवाणू वाढले आहेत : वर तरंगणारे तेल काढून टाकायचे आणि वेळेवर टाकी बदलायची. हे सुपरवायझरशी बोलायला संकोच करू नका, हा कामाच्या जागेचा दोष आहे. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कार्ड असेल तर दवाखान्यात ‘कामावर तेल लागते’ हे स्पष्ट सांगा, नाहीतर साध्या मुरमांचे औषध मिळते आणि तेल लागतच राहते.

प्रश्न : कोळशाचं फेसवॉश आणि ‘अँटी-पोल्यूशन’ क्रीम खरंच काम करतात का? — अनगोळ

उत्तर : कोळसा अर्ध्या मिनिटात पाण्याबरोबर मोरीत जातो. तेवढ्या वेळात तो साध्या क्लेन्झरपेक्षा वेगळे काही करत नाही, दाणेदार असेल तर घासतो मात्र. ‘अँटी-पोल्यूशन’ या शब्दावर जाऊ नका, मागचे घटक वाचा. ४ ते ५ टक्के नायसिनॅमाइड (बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असेल तर उपयोग आहे : राखणीचा थर सुधारतो, लाली आणि डाग कमी होतात. नवीन काहीही घेतले तर आधी कानामागे तीन रात्री लावून बघा.

हवा किती वाईट ते बघायला मोबाइलवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ॲप आहे. त्यात हवेचा निर्देशांक ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० च्या पुढे वाईट धरतात. पण कणांसाठी तो आकडा २४ तासांच्या सरासरीचा असतो. रेल्वे गेट पडल्यावर चालू इंजिनांच्या रांगेत दहा मिनिटे उभे राहून जे अंगावर येते ते त्यात वेगळे दिसत नाही. बाहेर जायची वेळ ठरवायला तो बघा, तोंड धुवायचे की नाही हे ठरवायला नको.

प्रश्न : निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करते. धुळीनं तोंड लाल व्हायचं, मुरमं यायची, म्हणून मेडिकलमधून एका बाईनं सांगितलेली ट्यूब आणली. आठ दिवसांत तोंड नितळ झालं, उजळलं. आता दहा महिने झाले, एक दिवस लावली नाही की आग होते, पुळ्या येतात, वखारीत तर उभं राहवत नाही. ट्यूबवर मोमेटासोन असं लिहिलंय.

उत्तर : मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन ही त्याचीच भावंडे. सुरुवातीला लाली दाबली जाते, म्हणून ‘गुण आला’ वाटते. महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा कागदासारखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, ओठांवर आणि गालावर लव वाढते, मुरमांसारख्या एकसारख्या पुळ्या येतात. धूळ, ऊन, चुलीची धग काहीच सोसवत नाही. तुम्हाला तंबाखूच्या धुळीचा त्रास पूर्वी असेलच, पण आज जी आग होते ती मुख्यतः या ट्यूबची आहे.

स्वतःच्या मनाने एकदम बंद केली तर उलट जोराने भडकते आणि माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. ट्यूब आणि तिचे खोके घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा, कमी कशी करायची ते ठरवतील. बरे व्हायला काही महिने लागतात, हे आधीच मनाशी धरा. तोवर सौम्य क्लेन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. हळद, लिंबू, बेसन, टूथपेस्ट काही नको. वखारीत तोंडाला फडके बांधता, त्यात तंबाखूची भुकटी साठते : जेवणाच्या सुट्टीत फडके बदला आणि हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला हात लावू नका. आणि ही ट्यूब बहिणीला, जावेला देऊ नका, कितीही मागितली तरी.

प्रश्न : बोअरच्या पाण्यानं पिंपल्स वाढतात का? — अथणी

उत्तर : जड पाण्यातले कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका बनवते. बादलीच्या कडेला बसतो तोच. तो चेहऱ्यावर राहिला की कोरडेपणा आणि चुरचुर. साबण सोडून क्लेन्झर घेतले की बराच फरक पडतो. शेवटचे विसळणे पिण्याच्या फिल्टरच्या एका तांब्याने केले तरी पुरते.

प्रश्न : थंडीत न्हाणीघराच्या दारात बंब पेटवतो. लवकर पेट घ्यावा म्हणून सासूबाई प्लास्टिकच्या पिशव्या, जुन्या चपला, वायरचे तुकडे घालतात. धूर आतच कोंडतो. माझ्या आणि लेकीच्या गालांवर मुरूम आहेत. सासूबाईंना कसं सांगू? — खानापूर तालुका

उत्तर : काय जळते ते नेमके सांगा, म्हणजे ‘सुनेचे नखरे’ वाटणार नाहीत. वायरचे आवरण आणि काही चपला पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकच्या असतात, पीव्हीसीत क्लोरीन असते. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ओल्या चेहऱ्यावर, ओल्या डोळ्यांत त्याचे आम्ल होते. चुरचुरते ते त्यामुळे. अर्धवट विस्तवात डायॉक्सिन नावाची विषारी रसायनेही तयार होतात. इटलीत सेवेसो गावाजवळ १० जुलै १९७६ ला रसायनाच्या कारखान्यातून डायॉक्सिन हवेत सुटले, तेव्हा लहान मुलांच्या चेहऱ्यावर ‘क्लोरॲक्ने’ नावाचे हट्टी मुरूम उठले : गालांवर, कानांमागे, असंख्य काळे ठिपके. घरच्या बंबाने तितके होणार नाही. पण डायॉक्सिन शरीराच्या चरबीत वर्षानुवर्षे साठून राहते आणि कोंडलेल्या न्हाणीघरात लेक ते रोज श्वासाने घेते, हे सासूबाईंना पटेल.

न्हाऊन बाहेर आल्यावर त्वचा मऊ आणि उघडी असते. नेमक्या त्याच वेळी धूर लागला तर जास्त झोंबतो. म्हणून बंब आधी पेटवा, धूर ओसरून निखारे झाले की मगच न्हायला जा, आणि शक्य असेल तर तो दारातून अंगणात, वाऱ्याच्या खालच्या बाजूला हलवा. पेट घ्यायला नारळाची शेंडी आणि दोन करवंट्या पुरतात, करवंटी ओल्या लाकडालाही ओढून नेते. लाकूड पावसाळ्याआधी फोडून आडोशाला रचलेले असावे, ओले जळण निम्मा धूरच देते. राख भांड्यांना किंवा परसातल्या अळूला घालत असाल, तर आतापर्यंत प्लास्टिक जळलेली राख तिथे टाकू नका, बंब एकदा पूर्ण खरवडून साफ करा आणि त्यानंतरचीच राख वापरा.